खताची गोण उचलण्याआधी : ठाणे जिल्ह्यातल्या भातखाचराची माती कशी तपासावी

ठाण्यात, डोंबिवलीत, ऐरोलीत नोकरी आणि मुरबाड, शहापूर किंवा भिवंडीकडे वडिलोपार्जित शेत, अशी कितीतरी घरं आहेत. गेल्या काही वर्षांत त्यातली बरीच मंडळी पुन्हा भात करायला लागली आहेत. कोणी निवृत्तीनंतर, कोणी शनिवार-रविवार जाऊन. ही फार चांगली गोष्ट आहे. पण जून लागला की यांच्यातले बहुतेक जण खताच्या दुकानात जाऊन "भाताला काय टाकू?" एवढंच विचारतात, आणि जे मिळेल ते घेऊन येतात. दुकानदाराने तुमचं खाचर पाहिलेलं नसतं. तो सगळ्यांना सांगतो तेच तुम्हालाही सांगतो.

हा लेख अशा नव्या माणसासाठी आहे. मातीचा नमुना कसा घ्यायचा, अहवाल कसा वाचायचा आणि त्यातल्या आकड्यांवरून गोणीपर्यंत कसं पोचायचं, हे क्रमाने लिहितो. शेवटचा टप्पा, म्हणजे आकड्यावरून गोणीचा हिशेब, बहुतेकांकडून राहून जातो. मातीची आरोग्य पत्रिका (तपासणीचा अहवाल) कपाटात आणि युरिया खाचरात, असं जागोजाग दिसतं. ते मला मनापासून खटकतं, कारण हिशेब अवघड नाही. पाचवीतली टक्केवारी येत असली की पुरे.

कधी तपासायची

भात कापून, मळणी उरकून शेत मोकळं झालं की लगेच. आपल्याकडे हळवं भात ऑक्टोबरात निघतं, गरवं नोव्हेंबरात. त्यानंतरचे दोन-अडीच महिने नमुन्यासाठी सर्वांत सोयीचे. माती वाफशावर असते, चिखलही नाही आणि दगडही नाही. मे महिन्यात हीच खाचरातली चिकण माती भेगाळते आणि कुदळीला दाद देत नाही. मग माणूस वरवरची ढेकळं गोळा करतो आणि नमुना बिघडतो. शिवाय मे महिन्यात पाठवलेल्या नमुन्याचा अहवाल लावणीच्या आत हातात पडेलच असं नाही. डिसेंबरात नमुना दिला तर उन्हाळाभर विचार करायला वेळ मिळतो.

भातामागे वाल, हरभरा किंवा भाजीपाला घेणार असाल तर पेरणीआधी आणि त्या पिकाला खत घालण्याआधी नमुना घ्या. खत किंवा शेणखत टाकल्यानंतर किमान तीन महिने नमुना घेऊ नये.

एक नमुना किती जागेचा

ठाणे जिल्ह्यात इथेच खरी मेख आहे. घाटावर एका सपाट एकराचा एक नमुना चालतो. आपल्याकडे वीस गुंठे जमीन म्हणजे दोन-दोन, चार-चार गुंठ्यांची पाच-सहा खाचरं, एकाखाली एक उतरत गेलेली. वरच्या खाचराची माती तांबूस, हलकी, पाणी लवकर सोडणारी. खालच्या खाचरात वरून वाहून आलेला गाळ साठतो, तिथली माती काळसर आणि चिकट. दोघींची माती एकत्र कालवून एक नमुना केलात तर अहवाल अशा खाचराचा येईल, जे तुमच्या शेतात कुठेच नाही.

म्हणून आधी शेतातून एक फेरी मारा आणि रंग, खोली, पाणी किती दिवस टिकतं, पीक कसं येतं, हे बघून खाचरांचे गट पाडा. बहुतेक ठिकाणी दोन गट पुरतात, वरची खाचरं आणि खालची. कुठे खाडीलगत खाचर असेल तर तो तिसरा गट. प्रत्येक गटाचा वेगळा नमुना. गावातल्या एखाद्या जुन्या काका-मावशींना बरोबर घ्या. कुठल्या खाचरात पूर्वी गोठा होता, कुठे बाहेरची माती टाकून भर घातली, कुठलं खाचर दरवर्षी पिवळं पडतं, हे त्यांना तोंडपाठ असतं. ती माहिती कुठल्याही प्रयोगशाळेत मिळत नाही.

आवणाची, म्हणजे भाताची रोपं तयार करायची जागा मात्र कुठल्याच गटात धरू नका. ज्या वाफ्यावर वर्षानुवर्षं राब (पालापाचोळा, गवत, शेण) भाजला जातो, तिथे राखेमुळे पालाश (पोटॅश) आणि सामू (मातीची आम्लता दाखवणारा आकडा, पीएच) दोन्ही वाढलेले असतात. त्या मातीची एक मूठ मिसळली तरी बाकीच्या खाचराचं चित्र पालटतं. एक हेक्टर लावणीला साधारण दहा गुंठे आवण लागतं, म्हणजे वीस गुंठ्यांना दोन गुंठे. तेवढी जागा बाजूला ठेवा आणि हवं तर तिचा स्वतंत्र नमुना द्या.

नमुना प्रत्यक्ष घेताना

लागणारं सामान असं : खुरपं किंवा कुदळ, प्लास्टिकची स्वच्छ बादली, जुनी चादर, कापडी पिशवी, कागद आणि पेन्सिल. बादली जस्ताचा मुलामा असलेली नको. मुलाम्यातलं जस्त मातीत उतरलं तर जस्ताचा आकडा खोटा येतो. खताची रिकामी गोण तर चुकूनही वापरू नका. धुतलेली असली तरी नाही.

एका गटातल्या खाचरांमधून नागमोडी चालत आठ-दहा जागा निवडा. बांधापासून दोन पावलं आत राहा. झाडाखालची जागा, शेणाचा ढीग जिथे पडला होता ती जागा, खळं, गुरं बांधायची जागा, पाणी शिरतं ते तोंड, हे सगळं टाळा. प्रत्येक जागी वरचा पालापाचोळा आणि भाताची खुंटं बाजूला करा. माती खरवडून टाकू नका. मग इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा घ्या, साधारण वीतभर, म्हणजे पंधरा ते वीस सेंटिमीटर खोल. खड्ड्यातली माती बाहेर टाकून द्या आणि त्याच्या एका उभ्या बाजूची बोटभर जाडीची चकती वरपासून तळापर्यंत सारखी कापून बादलीत घ्या. वरून जाड आणि खाली निमुळती कापली तर वरच्या थराचं वजन जास्त पडतं.

वीतभरच का? भाताची बहुतेक मुळं चिखलणी झालेल्या थरात वाढतात, आणि त्याखाली वर्षानुवर्षांच्या नांगरटीने आणि चिखलणीने घट्ट झालेला थर असतो. तो थर पाणी धरून ठेवतो, पण मुळांना अन्न देण्यात त्याचा वाटा थोडा. आंब्याच्या किंवा चिकूच्या बागेसाठी नमुना घ्यायचा असेल तर खोली वेगळी आणि पद्धतही वेगळी.

सगळी माती चादरीवर ओता, ढेकळं हाताने फोडा, खडे, मुळं, शिंपले काढा आणि सावलीत वाळू द्या. उन्हात किंवा चुलीजवळ नको. वाळल्यावर नीट एकत्र करून गोल थर करा, बोटाने अधिक चिन्ह काढून चार भाग करा, समोरासमोरचे दोन भाग टाकून द्या, उरलेले दोन परत मिसळा. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहा.

पिशवीत चिठ्ठी घाला आणि दुसरी पिशवीला बाहेरून बांधा. त्यावर नाव, गाव, तालुका, सातबाऱ्यावरचा गट क्रमांक, खाचरांचा गट, क्षेत्र, आधीचं पीक, पुढचं पीक, पाण्याची सोय आणि नमुना घेतल्याची तारीख लिहा. पेन्सिलीनेच लिहा, शाई दमटपणाने पसरते. पुढच्या पिकापुढे नुसतं 'भात' न लिहिता हळवं, निमगरवं की गरवं, संकरित की सुधारित, तेही लिहा. खताची मात्रा त्यावर बदलते.

कुठे द्यायचा

गावचे सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) किंवा तालुका कृषी अधिकारी कार्यालय ही पहिली पायरी. ते नमुना जिल्ह्याच्या मृद सर्वेक्षण व मृद चाचणी कार्यालयाकडे पाठवण्याची वाट सांगतात. आपल्या भागाचं कृषी विद्यापीठ म्हणजे दापोलीचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ. भातावर काम करणारं त्याचं प्रादेशिक संशोधन केंद्र कर्जतला आहे, म्हणजे बदलापूरहून लोकलने थोड्याच अंतरावर. नव्या भात उत्पादकाने एकदा तरी तिथे जावं असं मला वाटतं. शेतात उभ्या असलेल्या जाती डोळ्यांनी बघण्यासारखं शिक्षण नाही. प्रश्न अडला तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक निःशुल्क आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

कोणी म्हणेल, आमच्याकडे आरोग्य पत्रिका आधीच आहे. मृदा आरोग्य पत्रिका योजना १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातल्या सुरतगडला सुरू झाली आणि गावोगाव पत्रिका वाटल्या गेल्या. पण त्या योजनेत नमुना प्रत्येक शेतातून घेतला जात नव्हता. जमिनीचे चौकोन पाडून, बागायतीत अडीच हेक्टरला एक आणि जिरायतीत दहा हेक्टरला एक, असा नमुना घ्यायचा होता. दहा हेक्टर म्हणजे पंचवीस एकर. आपल्याकडच्या चढउताराच्या जमिनीत पंचवीस एकरांत वरकस (उताराची, पाणी न साठणारी जमीन), खाचर, ओढाकाठ सगळं येतं. तुमच्या नावाच्या पत्रिकेतली माती कदाचित शेजारच्या वाडीतली असेल. गावाचा सर्वसाधारण अंदाज म्हणून ती पत्रिका जरूर वाचा, पण आपल्या खाचराचा नमुना आपण स्वतः द्या.

अहवाल वाचताना

पत्रिकेत बारा गोष्टी असतात : सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब (कार्बन), नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश, गंधक, जस्त, लोह, मंगल, तांबे आणि बोरॉन. सगळ्यांकडे सारखंच लक्ष द्यायची गरज नाही. ठाण्याच्या भातखाचरासाठी काय महत्त्वाचं, तेवढं सांगतो.

आधी एकक बघा. नत्र, स्फुरद, पालाश किलो प्रति हेक्टरमध्ये दिले आहेत की पीपीएममध्ये (दहा लाखांत किती भाग)? पीपीएममध्ये असतील तर २.२४ ने गुणा, म्हणजे किलो प्रति हेक्टर मिळतील. पालाश १४० पीपीएम लिहिलेलं असेल तर ते ३१४ किलो प्रति हेक्टर होतं, म्हणजे भरपूर. कोणी १४० हाच आकडा किलो समजला तर मध्यम म्हणून विनाकारण पोटॅश विकत आणेल.

सर्वसाधारण पट्टा असा आहे. नत्र २८० किलोखाली कमी, २८० ते ५६० मध्यम, त्यावर जास्त. स्फुरद १० खाली कमी, १० ते २५ मध्यम, त्यावर जास्त. पालाश ११० खाली कमी, ११० ते २८० मध्यम, त्यावर जास्त. सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्यांखाली कमी, ०.७५ च्या वर जास्त. काही अहवालांत तीनऐवजी सहा वर्ग दिसतात, अत्यंत कमी ते अत्यंत जास्त. तेव्हा अहवालावर छापलेला पट्टाच धरा.

सामू. कोकणातल्या मुसळधार पावसाने जमिनीतला चुना आणि इतर क्षार धुऊन जातात, म्हणून आपली तांबडी माती आम्लधर्मी असते. अहवालात सामू साडेपाच-सहा दिसला की नवा माणूस घाबरतो आणि चुन्याची चौकशी करतो. भातखाचरासाठी थांबा. प्रयोगशाळा कोरडी माती तपासते. खाचरात पाणी भरून तीन-चार आठवडे झाले की हवा संपते, लोहाचं रूप बदलतं आणि आम्लधर्मी मातीचा सामू आपोआप सातच्या दिशेने सरकतो. त्याबरोबर लोहाला चिकटून बसलेला थोडा स्फुरदही मोकळा होतो. पाण्याखाली राहणाऱ्या खाचराला चुन्याची घाई नको. मात्र त्याच सामूच्या वरकस जमिनीवर नाचणी, वरई किंवा भाजीपाला करणार असाल तर चुन्याचा विचार करावा लागतो, कारण तिथे पाणी साठत नाही.

स्फुरद. कोकणच्या तांबड्या मातीत सर्वांत जास्त वेळा कमी येतो तो हाच. कारण लोह आणि ॲल्युमिनियम त्याला धरून ठेवतात. इथे प्रयोगशाळेला एक प्रश्न विचारा, स्फुरद कुठल्या पद्धतीने काढला? आम्लधर्मी मातीला ब्रे पद्धत योग्य, तर उदासीन आणि विम्लधर्मी मातीला ओल्सेन. सामू सहाच्या खाली असेल तर हा प्रश्न विचारायलाच हवा.

पालाश. खालच्या काळ्या चिकण खाचरांत आणि खाडीकाठच्या खार जमिनीत बऱ्याचदा भरपूर निघतो. तो जास्त असेल तर पोटॅश कमी करून पैसे वाचतात. पण एक लक्षात ठेवा. भाताने उचललेल्या पालाशाचा मोठा भाग दाण्यात नसतो, पेंढ्यात असतो. पेंढा तबेल्याला विकलात तर पालाश शेताबाहेर गेला. पेंढा आपल्याच गुरांना घालून शेणखत शेतात परत आणलंत तर बराचसा परत आला. दरवर्षी पेंढा विकणाऱ्याने पुढच्या तपासणीत पालाशाचा आकडा पहिल्यांदा बघावा.

नत्र. तीन मुख्य अन्नद्रव्यांत सर्वांत कमी भरवशाचा आकडा हा. बऱ्याच ठिकाणी तो सेंद्रिय कर्बावरून अंदाजाने ठरवतात. कोकणात कर्ब चांगला निघतो म्हणून नत्र 'मध्यम' किंवा 'जास्त' छापून येतं. पण कर्बात अडकलेलं नत्र सगळंच्या सगळं या हंगामात भाताला मिळत नाही. म्हणून अहवालात नत्र जास्त दिसलं तरी पहिल्या वर्षी एकदम मोठी कपात करू नका. नत्र किती लागतं हे हंगामात भातच सांगतं. ते कसं बघायचं, ते पुढे येईल.

जस्त ०.६ पीपीएमखाली असेल तरच झिंक सल्फेट घ्या, हेक्टरी वीस-पंचवीस किलो. पाणी साठलेल्या खाचरात जस्त मिळणं आणखी कठीण होतं, लावणीनंतर दोन-तीन आठवड्यांनी पानांवर तांबूस-तपकिरी ठिपके येऊन रोप खुरटतं. झिंक सल्फेट स्फुरदाच्या खतात मिसळून टाकू नका, दोन्ही एकमेकांना निकामी करतात. लोहाची काळजी आपल्या तांबड्या मातीत सहसा नसते. म्हणूनच दुकानातलं 'सर्व सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रण' न बघता घेऊ नये. आधी अहवाल बघा, मग जे कमी आहे तेवढंच आणा.

आता हिशेब

कोकणात सुधारित भातासाठी सर्वसाधारण शिफारस हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद, ५० किलो पालाश अशी आहे. संकरित जातींना नत्र १२० पर्यंत. शंभर गुंठे म्हणजे जवळपास एक हेक्टर, म्हणून गुंठ्याचा हिशेब फार सोपा पडतो : गुंठ्याला एक किलो नत्र, अर्धा किलो स्फुरद, अर्धा किलो पालाश. मध्यम मातीला एवढंच. अहवालात एखादं अन्नद्रव्य कमी असेल तर ते पाव पट वाढवायचं, जास्त असेल तर पाव पट कमी करायचं.

समजा, वीस गुंठ्यांची खाचरं आहेत. अहवाल म्हणतो नत्र मध्यम, स्फुरद कमी, पालाश जास्त. म्हणजे नत्र २० किलो. स्फुरद १० किलोचे साडेबारा. पालाश १० किलोचे साडेसात.

आता खतात बदला. युरियात ४६ टक्के नत्र, सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये १६ टक्के स्फुरद, म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये ६० टक्के पालाश. हव्या असलेल्या किलोला शंभराने गुणून टक्क्याने भागायचं. नत्रासाठी २० गुणिले १०० भागिले ४६, म्हणजे साडेत्रेचाळीस किलो युरिया. हल्ली युरियाची गोण ४५ किलोची असते, म्हणजे एक गोण. स्फुरदासाठी ७८ किलो सुपर फॉस्फेट. पालाशासाठी साडेबारा किलो पोटॅश.

सुपर फॉस्फेटच्या जागी डीएपी (डाय-अमोनियम फॉस्फेट) मिळालं तर? डीएपीत १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद. साडेबारा किलो स्फुरदासाठी २७ किलो डीएपी लागेल. त्यातून जवळपास ५ किलो नत्र आपोआप येतं, ते वजा करा. उरलं १५ किलो नत्र, म्हणजे ३३ किलो युरिया. हे पाच किलो वजा करायला बहुतेक जण विसरतात आणि भात पानांनी माजतं, मग लोळतं. सुपर फॉस्फेटमध्ये ११ टक्के गंधकही असतं, डीएपीत ते नसतं. अहवालात गंधक १० पीपीएमखाली असेल तर सुपर फॉस्फेटच घ्या.

आणि १५:१५:१५ सारखं मिश्र खत? याच उदाहरणात साडेबारा किलो स्फुरदासाठी ८३ किलो लागेल. त्यातून पालाशही साडेबारा किलो पडेल, आपल्याला हवं होतं साडेसात. पाच किलो पालाश फुकट. तिन्ही अन्नद्रव्यं मध्यम असतील तेव्हा मिश्र खत सोयीचं. अहवाल एका बाजूला झुकलेला असेल तर सुटी खतं घ्या, थोडी धावपळ झाली तरी.

हा सगळा हिशेब शेणखत धरून आहे. शक्य असेल तर गुंठ्याला शंभर किलो, म्हणजे हेक्टरी दहा टन, चांगलं कुजलेलं शेणखत नांगरटीआधी पसरा. तेवढं मिळत नसेल तर बांधावर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावा. तिचा हिरवा पाला चिखलणीत गाडला की तो लवकर कुजतो, आणि नत्र देणारा एवढा स्वस्त पाला दुसरा नाही. एकदा लावलेल्या फांद्या वर्षानुवर्षं फुटत राहतात. मला विचाराल तर पहिल्याच पावसाळ्यात, बाकी काही जमलं नाही तरी, बांधावर गिरिपुष्प लावा.

खत केव्हा आणि कसं घालायचं

स्फुरद आणि पालाश सगळं शेवटच्या चिखलणीला. नत्राचे मात्र तीन हप्ते : चाळीस टक्के लावणीच्या वेळी, चाळीस टक्के फुटवे येताना, वीस टक्के पोटरीच्या, म्हणजे आत लोंबी धरायच्या सुरुवातीला. आपल्या उदाहरणात युरिया साधारण साडेसतरा, साडेसतरा आणि पावणेनऊ किलो. डीएपी वापरलं असेल तर त्यातलं नत्र पहिल्या हप्त्यात धरायचं, म्हणजे लावणीला युरिया फक्त सहा-सात किलो. हळव्या जातींचे फुटवे आणि पोटरी लवकर येतात, म्हणून तारखेपेक्षा रोपाकडे बघून हप्ता द्या.

जुलैतला पाऊस हा खताचा सर्वांत मोठा शत्रू. युरिया टाकला आणि दोन तासांत धो-धो कोसळला तर खत वरच्या खाचरातून खालच्या, तिथून ओढ्यात. म्हणून उघडीप बघा, आधी खाचरातलं पाणी काढून पातळ थर ठेवा, खत फेका, जमेल तसं पायाने किंवा बेणणी (तण काढणी) करताना मातीत दाबा आणि बांधाचं तोंड दोन-तीन दिवस बंद ठेवा. दाबायचं कारण असं की पाण्याच्या वरच्या थरात हवा असते, तिथे नत्राचं रूप बदलतं आणि मग ते हवेत उडून जातं. मातीत थोडं खाली हवा नसते, तिथे ते टिकतं. कॅल्शियम अमोनियम नायट्रेटसारखं नायट्रेट असलेलं खत लावणीला वापरू नये तेही याच कारणाने.

युरिया-डीएपीच्या गोळ्यांची पद्धत यावरच उभी आहे. कोकणात 'चारसूत्री' म्हणून ती प्रसिद्ध आहे. पंधरा आणि पंचवीस सेंटिमीटर अशा आलटून-पालटून अंतरावर लावणी करायची आणि चार चुडांच्या (चूड म्हणजे एका जागी लावलेली रोपं) चौकोनात मधोमध एक गोळी, लावणीच्या दिवशीच, सात सेंटिमीटरच्या आसपास खोल खोचायची. गोळी २.७ ग्रॅमची, हेक्टरी सुमारे १७० किलो, म्हणजे वीस गुंठ्यांना ३४ किलो. धुऊन जाण्याचा प्रश्न जवळपास मिटतो, म्हणून नत्रही कमी लागतं. पण माती तपासणीचा धागा इथेही सोडू नका. ३४ किलो गोळ्यांतून स्फुरद सुमारे ६ किलो मिळतो, आपल्या उदाहरणात हवा साडेबारा. उरलेल्यासाठी ४० किलो सुपर फॉस्फेट आणि साडेबारा किलो पोटॅश चिखलणीला वेगळं द्यावं लागेल. मजूर मिळत असतील तर चढाच्या, पाणी वाहणाऱ्या खाचरांसाठी मी हीच पद्धत सुचवेन.

फेकीव युरिया देत असाल तर दुसऱ्या आणि तिसऱ्या हप्त्याआधी पान रंगपट्टी वापरा. हिरव्या रंगाच्या वाढत्या छटा असलेली ही प्लास्टिकची पट्टी कृषी केंद्रांत मिळते. सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान, स्वतःच्या सावलीत, सर्वांत वरचं पूर्ण उघडलेलं पान पट्टीवर ठेवायचं. अशी दहा पानं वेगवेगळ्या चुडांची. सहा किंवा जास्त पानं चौथ्या छटेपेक्षा फिकट असतील तर युरिया द्या. नसतील तर थांबा आणि आठवड्याने परत बघा. अहवालातला नत्राचा कच्चा आकडा या पट्टीने पक्का होतो.

खाडीकाठच्या जमिनीसाठी वेगळं

भिवंडीच्या खाडीकाठची गावं, दिवा-मुंब्र्याकडचे पट्टे, उरण-पनवेलच्या बाजूची उरलेली शेतं, इथे आगरी शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या खारबांध घालून भात पिकवलं. अशा जमिनीत सगळ्यात आधी क्षारतेचा आकडा बघा. एकच्या आत असेल तर चिंता नाही, चारच्या वर गेला तर जमीन खारवट. पण नमुना कुठल्या महिन्यात घेतला हे इथे फार महत्त्वाचं. उन्हाळ्यात पाणी वर ओढलं जाऊन सुकतं आणि मीठ पृष्ठभागावर साचतं, तर पहिल्या पावसांनी ते धुऊन जातं. मे महिन्यातल्या नमुन्याने जमीन आहे त्यापेक्षा खराब दिसते. शक्य असेल तर एक नमुना हिवाळ्यात आणि एक मेअखेर घ्या, म्हणजे मीठ किती वर येतं ते कळेल.

अशा जमिनीत बांध दुरुस्त ठेवणं, जूनचं पाणी साठवून एक-दोनदा बाहेर सोडून देणं आणि खार सोसणारी जात निवडणं, ही कामं खताच्या आधीची. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रातून आलेल्या पनवेल-१, पनवेल-२ आणि पनवेल-३ या जाती याच जमिनींसाठी आहेत. रोप थोडं जास्त दिवसांचं लावा आणि एका चुडात एखाद-दोन काड्या जास्त धरा.

पहिल्या वर्षी हे जरूर करा

एका खाचरात, एक गुंठा दोरीने आखून, गावात चालते त्याच पद्धतीने खत द्या. शेजारच्या गुंठ्याला अहवालाप्रमाणे. जात एकच, लावणी एकाच दिवशी. कापणीच्या वेळी दोन्ही गुंठ्यांची मळणी वेगळी करा, दाणे सारखेच दिवस वाळवा आणि तोला. खताचा खर्चही दोन रकान्यांत लिहून ठेवा. गावातल्या माणसाला आकडेवारीपेक्षा शेजारच्या खाचरातलं तोललेलं भात जास्त पटतं, आणि तुम्हालाही पुढच्या वर्षी कुठे हात आखडायचा ते कळतं.

एक जाड वही करा. खाचरांचा नकाशा, गट, अहवालाची प्रत, हप्त्यांच्या तारखा, त्या दिवशी पाऊस होता की नाही, जात, उत्पन्न, पेंढा विकला की ठेवला, एवढं त्यात असू द्या. तपासणी दर दोन-तीन वर्षांनी परत करा, आणि परत करताना त्याच महिन्यात, त्याच खाचरांतून, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत. महिना किंवा पद्धत बदलली तर दोन अहवालांतला फरक मातीचा आहे की तपासणीचा, ते सांगता येत नाही.